थंड बस्त्यातली चिकटपट्टी

साधी पारदर्शक चिकटपट्टी. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. खून झालेल्या मुलाच्या स्वेटरवर दाबायची, उचलायची, शेजारी पुन्हा दाबायची. चिकटपणा संपत आला की पारदर्शक प्लास्टिकच्या स्वच्छ शीटवर लावून टाकायची. वर लिहायचं: कपडा कोणता, बाजू पुढची की मागची, तारीख, सही. मग नवी पट्टी, पुढचा भाग. सत्तरच्या दशकातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतलं हे अगदी कंटाळवाणं काम, बहुधा नव्या माणसाच्या गळ्यात पडणारं. हेतूही मर्यादित होता. संशयिताच्या गालिच्याचा, गाडीच्या सीटचा किंवा कोटाचा एखादा तंतू मुलाच्या कपड्यावर आला आहे का, एवढंच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. तंतू जुळला नाही की पट्टी लिफाफ्यात, लिफाफा खोक्यात आणि खोकं फळीवर.

तंतूंबरोबर त्या पट्टीला त्वचेच्या पेशी चिकटत होत्या, वाळलेल्या डागांचे कण चिकटत होते. पट्टी लावणाऱ्याला त्याचं काही महत्त्व नव्हतं, कारण त्या पेशींचं करायचं काय हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पट्टी शीटवर बसली की ते कण दोन थरांमध्ये बंद झाले. ओल नाही, धूळ नाही, पुन्हा कुणाचा हात लागणं नाही. जपायचं म्हणून मुद्दाम काही शोधून काढलं असतं, तरी याहून फार चांगलं साधलं नसतं.

1975 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये 11 वर्षांची लेस्ली मोलसीड आईने सांगितलं म्हणून पाव आणायला बाहेर पडली. 3 दिवसांनी तिचा मृतदेह गावापासून दूर उजाड माळावर सापडला. कपड्यांवरून पट्ट्या उचलल्या गेल्या. पुढच्या वर्षी स्टीफन किश्को नावाच्या, करखात्यात कारकुनी करणाऱ्या माणसाला जन्मठेप झाली. कबुलीजबाब त्याचाच होता. वकिलाशिवाय चाललेल्या चौकशीत दिलेला आणि नंतर मागे घेतलेला. त्याला सोडवू शकेल असा पुरावा त्याच वेळी तयार होता. कपड्यावर खुन्याचा जो डाग होता त्यात शुक्राणू होते, आणि किश्कोच्या शरीरात शुक्राणू तयारच होत नव्हते. ही गोष्ट बचाव पक्षापर्यंत पोचली नाही. 16 वर्षं आत काढून तो 1992 मध्ये सुटला आणि 1993 च्या डिसेंबरात वारला. पुढच्या काही महिन्यांत, त्याच्या निर्दोषपणासाठी इतकी वर्षं झगडलेली त्याची आईही गेली.

मूळ कपडे तोवर नष्ट करण्यात आले होते. पट्ट्या मात्र राहिल्या होत्या. 1999 मध्ये त्यांच्यावरून डीएनएचा नमुना निघाला, पण तो कुणाचा हे सांगणारं कुणी नव्हतं. 2005 मध्ये एका वेगळ्याच संशयावरून रोनाल्ड कास्ट्री नावाच्या माणसाच्या गालाच्या आतून नेहमीच्या पद्धतीने नमुना घेतला गेला आणि तो त्या पट्टीशी जुळला. 2007 मध्ये त्याला जन्मठेप झाली. लेस्ली पाव आणायला निघाली त्याला 32 वर्षं झाली होती.

आपल्याकडे ‘कोल्ड केस’ला, म्हणजे न उलगडता वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या प्रकरणाला, म्हणून घडवलेला शब्द नाही, पण ‘प्रकरण थंड बस्त्यात गेलं’ हे आपण रोज म्हणतो. बस्ता म्हणजे कापडात गुंडाळून गाठ मारून ठेवलेले कागद. हा वाक्प्रचार इंग्रजी शब्दाहून जास्त अचूक वाटतो. इंग्रजी शब्दात नुसता थंडपणा आहे. आपल्या शब्दात गाठ आहे, ती कुणीतरी मारलेली आहे, आणि ती सोडायलाही कुणीतरी लागतं.

गाठ सोडणाऱ्याच्या हाती काय येईल, हे गाठ मारणाऱ्यावर ठरतं. ओला कपडा पॉलिथिनच्या पिशवीत बंद केला की आतली ओल तिथेच फिरत राहते, बुरशी धरते, जिवाणू वाढतात आणि डीएनए खाऊन टाकतात. त्याला वर्षं लागत नाहीत. उन्हाळ्यात काही दिवस पुरतात. म्हणून कपडा आधी स्वच्छ कागद अंथरून, वाऱ्याचा झोत न लावता, सावलीत वाळवायचा. मुलाचे कपडे एका खोलीत, संशयिताचे दुसऱ्या खोलीत, आणि शक्यतो वाळवणारी माणसंही वेगळी. घडी घालताना मध्ये कागद ठेवायचा, नाहीतर पुढचा डाग मागच्या बाजूला उमटतो आणि 30 वर्षांनी कुणीतरी त्याचा भलताच अर्थ लावतो. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. तोंडावर सील, आणि सीलवरून जाणारी सही, म्हणजे अर्धी सही सीलवर नि अर्धी कागदावर. मग मुद्देमालाच्या रजिस्टरात नोंद, आणि त्यानंतर पिशवी ज्या ज्या वेळी हलेल त्या त्या वेळी पुन्हा नोंद: कुणी घेतली, कशासाठी, केव्हा परत आली.

हे सगळं वाचायला सरकारी वाटतं. पण जुन्या प्रकरणांतले कितीतरी घोटाळे इथेच होतात. पोलीस ठाण्याची इमारत बदलते आणि खोकी टेम्पोतून जातात. तळघरात पाणी शिरतं. जागा नाही म्हणून ‘निकाल लागलेली’ प्रकरणं काढून टाकली जातात, आणि तो निकाल चुकीचा होता हे नंतर कळतं. 1981 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या हॉलीवूड शहरात 6 वर्षांचा अॅडम वॉल्श एका मोठ्या दुकानातून नाहीसा झाला. ऑटिस टूल नावाच्या माणसाने पुढे कबुली दिली, फिरवली, परत दिली. त्याच्या गाडीतल्या गालिच्यावर रक्ताचे डाग होते. तो गालिचा पोलिसांकडून हरवला. गाडीही गेली. डीएनए तपासणी हाताशी आली तेव्हा तपासायला काही उरलंच नव्हतं. टूल दुसऱ्या गुन्ह्यांत शिक्षा भोगत असताना 1996 मध्ये मेला. 2008 मध्ये पोलिसांनी तोच खुनी होता असं जाहीर करून फाइल बंद केली. कोर्टात मात्र ते कधीच सिद्ध झालं नाही. एक गालिचा नीट ठेवला असता तर, असं म्हणण्यात आता काही हशील नाही. तरीही ते मनात आल्यावाचून राहत नाही.

आता त्या पट्टीवर किती ऐवज असतो ते पाहू. माणसाच्या एका पेशीत साधारण 6 ते साडेसहा पिकोग्रॅम डीएनए असतो. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. 1984 मध्ये लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएचा ठसा शोधला तेव्हाच्या पद्धतीला पेशींची रास लागायची, म्हणजे नाण्याएवढा चांगला डाग. पुढे पीसीआर आलं. त्यात डीएनएचा नेमका तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. 28 फेऱ्या केल्या की एकाचे 26 कोटींहून अधिक. त्यामुळे साधारण दीडशे पेशी, म्हणजे एक नॅनोग्रॅम मिळाला तरी नेहमीची तपासणी आरामात होते. त्याहून कमी असेल तर फेऱ्या 34 पर्यंत वाढवणारी पद्धत ब्रिटनमध्ये 1999 पासून वापरात आली.

फेऱ्या वाढवल्या म्हणजे काम फत्ते, असं मात्र नाही. तपासणीत डीएनएमधल्या ठरावीक जागा पाहतात, जिथे एक छोटा तुकडा पुन्हापुन्हा येतो. किती वेळा येतो तो आकडा माणसागणिक बदलतो. प्रत्येक जागी दोन आकडे, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. अमेरिकेच्या राष्ट्रीय डेटाबेसात आधी अशा 13 जागा बघत, 2017 पासून 20. पेशी फारच कमी असल्या की दोनपैकी एक आकडा गळून जातो आणि माणूस भलताच दिसायला लागतो. उलट, हवेतून आलेली कुणाची एखादी पेशीही तितक्याच जोमाने वाढते आणि परका आकडा घुसतो. म्हणून एकच नमुना दोन-तीनदा चालवतात आणि जो आकडा पुन्हा दिसतो तेवढाच धरतात. पण दोन-तीनदा चालवायचं म्हणजे नमुना दोन-तीन वाटण्यांत खर्चायचा. पट्टीवरून काढलेला अर्क सगळा मिळून थेंबभर. तो आजच्या यंत्राला द्यायचा की 10 वर्षांनी येणाऱ्या यंत्रासाठी राखायचा? ऐंशीच्या दशकातल्या कित्येक तपासण्यांनी डाग संपवून ‘निष्कर्ष नाही’ असा शेरा मारला. शेरा खोटा नव्हता, पण डाग परत येणार नव्हता. जुन्या प्रकरणावर काम करणारा शहाणा माणूस पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न ‘काय सापडलं?’ हा नसतो. ‘शिल्लक किती?’ हा असतो.

पट्टीने सोडवलेलं आणखी एक प्रकरण इंग्लंडमधल्याच पीटरबरोचं. 28 नोव्हेंबर 1994 ला 6 वर्षांचा रिकी नीव्ह नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी घरापासून चालत काही मिनिटांवर असलेल्या झाडीत तो सापडला, गळा आवळलेला. कपडे जवळच्या कचऱ्याच्या डब्यात. संशय आईवर गेला. ती मुलांना मारहाण करायची, त्याबद्दल तिला शिक्षाही झाली. त्यामुळे खूनही तिनेच केला असणार, हे सगळ्यांना सरळ वाटलं. 1996 मध्ये ज्यूरीने तिला खुनातून निर्दोष सोडलं. त्यानंतर तपास थांबल्यातच जमा होता, कारण खुनी सापडलाच होता आणि सुटला, अशी मनोमन समजूत होती.

2015 मध्ये फाइल नव्याने उघडली. कपड्यांवरून उचललेल्या पट्ट्यांवर जेम्स वॉटसनचा डीएनए निघाला. खुनाच्या वेळी तो 13 वर्षांचा होता. आणि त्याचं नाव नवं नव्हतं: 1994 मध्येच त्याला रिकीबरोबर पाहिलेली एक बाई होती, पोलिसांनी त्याच्याकडे चौकशी केली होती, त्याचा जबाब फाइलमध्ये होता. पण त्या वेळच्या हिशेबाने रिकी संध्याकाळी मारला गेला होता, त्यामुळे दिवसा कुणाबरोबर होता याला किंमत उरली नव्हती. शवविच्छेदनाच्या अहवालात पोटात सकाळच्या नाश्त्याचे, गव्हाच्या बिस्किटांचे अंश असल्याची नोंद होती. म्हणजे मृत्यू नाश्त्यानंतर काही तासांतला. वेळ दुपारकडे सरकली आणि त्या बाईची साक्ष एकदम मधोमध आली. नव्या चौकशीत वॉटसनने डीएनएचं कारण सांगितलं, की कुंपणापलीकडची खोदकामाची यंत्रं दिसावीत म्हणून आपण त्या मुलाला उचलून धरलं होतं. जुनी छायाचित्रं काढून पाहिली गेली. 1994 मध्ये तिथे कुंपणच नव्हतं. 2022 मध्ये त्याला शिक्षा झाली.

नाश्ता, कुंपण आणि चिकटपट्टी. यांतली पहिली गोष्ट 1994 पासून कागदावर होती, तिसरी खोक्यात होती. ‘विज्ञानाने उलगडा केला’ असा मथळा अशा वेळी हमखास येतो, आणि तो वाचताना मनात थोडी चिडचिड होते.

जुनी फाइल वाचण्याचीही एक रीत आहे. आधी गोषवारे बाजूला ठेवायचे. गोषवारा लिहिणाऱ्याला निष्कर्ष माहीत असतो, आणि निष्कर्षाला न जुळणारं वाक्य त्याच्या हातून आपोआप गळतं. मूळ जबाब, मूळ पंचनामा, रात्रपाळीच्या नोंदवहीतली टिपणं, फोनवर आलेल्या खबरींच्या चिठ्ठ्या, हे क्रमाने वाचायचं आणि मिनिटामिनिटाची नवी तारखपट्टी मांडायची. तिच्यात प्रत्येक वेळेपुढे ती कुठून आली ते लिहायचं: घड्याळ पाहून सांगितली, टीव्हीवरच्या कार्यक्रमावरून, की ‘अंधार पडायच्या सुमारास’. मुलांच्या प्रकरणात हे तास फार मोलाचे असतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाने अपहरण करून मारल्या गेलेल्या मुलांच्या शेकडो प्रकरणांचा अभ्यास केला होता. त्यात जवळपास तीन-चतुर्थांश मुलं पहिल्या 3 तासांत मारली गेली होती. ‘खेळत असेल कुठेतरी, येईल’ म्हणण्यात जो वेळ जातो तो बहुधा हाच असतो.

मग नावांची यादी. फाइलमध्ये आलेलं प्रत्येक नाव, साक्षीदार म्हणून आलेलंसुद्धा, आणि त्यासमोर: याला का वगळलं? बायकोने ‘घरीच होते’ सांगितलं म्हणून? त्या बायकोचा 20 वर्षांपूर्वी घटस्फोट झाला असेल तर तिला आता पुन्हा भेटायला हवं. काळ डाग पुसतो, पण नातीही सैल करतो. तपासाच्या बाजूने काळ करतो तो एवढाच उपकार. पॉलिग्राफमध्ये, म्हणजे खोटं पकडण्याच्या यंत्रावर, पास झाला म्हणून वगळलं? मग ते वगळणं नव्हेच. रक्तगटावरून? कोणत्या डागाच्या रक्तगटावरून, आणि तो डाग खुन्याचाच होता हे कुणी ठरवलं?

हा शेवटचा प्रश्न अमेरिकेतल्या टॅकोमा शहरात 30 वर्षं कुणी विचारला नाही. 1986 च्या मार्चमध्ये 12 वर्षांची मिशेला वेल्श आणि ऑगस्टमध्ये 13 वर्षांची जेनिफर बॅस्टियन. दोघींजवळ सायकली, दोघी उद्यानांतून नाहीशा झालेल्या, शहर एक, वर्ष एक. खुनी एकच असणार, असं सगळे धरून चालले, आणि खरं सांगायचं तर दुसरं कुणीही हेच धरलं असतं. मिशेलाच्या प्रकरणात डीएनए मिळाला होता, म्हणून दोन्ही प्रकरणांतले संशयित त्याच नमुन्याशी ताडून वगळले जात राहिले. जेनिफरच्या पोहण्याच्या पोशाखाची तपासणी नंतर झाली आणि 2016 मध्ये कळलं, की ही दोन वेगळी माणसं आहेत. वगळलेली सगळी नावं एका रात्रीत परत आली. रॉबर्ट वॉशबर्न त्यांतलाच एक. त्याने 1986 मध्ये स्वतः पोलिसांना फोन करून मिशेलाच्या प्रकरणात खबर दिली होती. 2017 मध्ये मागितल्यावर त्याने नमुनाही मुकाट्याने दिला. 2018 च्या मे महिन्यात जेनिफरच्या खुनाबद्दल त्याला अटक झाली, जूनमध्ये मिशेलाच्या खुनाबद्दल गॅरी हार्टमनला. दोघं एकमेकांचे कुणीच नव्हते.

हार्टमनपर्यंत नेलं ते वंशावळीने. 2018 पासून गाजत असलेल्या या वाटेविषयी गैरसमज असा, की यंत्र नाव सांगतं. यंत्र फक्त एक अंतर सांगतं. नेहमीच्या 20 जागांऐवजी इथे डीएनएमधली लाखो एकाक्षरी फरकांची ठिकाणं वाचतात आणि लोकांनी हौसेने चढवलेल्या आपल्या डीएनएच्या डेटाबेसशी ताडतात. दोन माणसांत किती डीएनए सलग सारखा आहे ते सेंटिमॉर्गन या एककात येतं. आई-बाप आणि मूल: 3,400 च्या पुढे. आजोबा-नातू, काका-पुतण्या, सावत्र भावंडं: साधारण 1,750. सख्ख्या भावंडांची मुलं एकमेकांना: 850 च्या आसपास. त्यांची मुलं एकमेकांना: 230. आणखी एक पिढी खाली: 75. आपल्या भाषेत चुलत, आते, मामे, मावस अशी चार दारं आहेत. या आकड्याला ती दिसत नाहीत. 850 म्हणजे चारांपैकी काहीही असू शकतं, आणि नेमकं दार शोधणं हे माणसाचं काम.

जुळणारं माणूस बहुतेकदा त्या 75 वाल्या अंतरावरचं मिळतं. म्हणजे खुन्याची आणि त्याची एक खापरपणजोबा-खापरपणजीची जोडी सामाईक. प्रत्येकाला अशी 8 जोडपी असतात. ती कोण हे आधी वर जाऊन शोधायचं, मग प्रत्येक जोडप्याच्या सगळ्या वंशजांत खाली उतरायचं: जनगणनेच्या जुन्या नोंदी, लग्नाची रजिस्टरं, आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे वर्तमानपत्रांतले मृत्युलेख, कारण ‘पश्चात’ कोण कोण आहे ते तिथे नावानिशी छापलेलं असतं. मग दुसऱ्या बाजूचा एक जुळणारा नातेवाईक मिळाला पाहिजे. दोन वेगळी घराणी जिथे एका लग्नात एकत्र येतात, त्या लग्नाची मुलं ही संशयितांची यादी. अडतं कुठे? दत्तक गेलेलं मूल, नोंदीत न आलेला बाप, एकाच खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत झालेली लग्नं. शेवटच्या प्रकारात तर प्रत्येक जण प्रत्येकाचा चार बाजूंनी नातेवाईक निघतो आणि आकडे फुगतात.

इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनमध्ये 1988 च्या 1 एप्रिलला 8 वर्षांची एप्रिल टिन्स्ली पळवली गेली; 3 दिवसांनी शेताकडेच्या चरात मृतदेह सापडला. 2 वर्षांनी एका गोठ्याच्या भिंतीवर खुन्याने कबुली खरडली. 2004 मध्ये त्याच परिसरात लहान मुलींच्या सायकलींवर धमकीच्या चिठ्ठ्या ठेवल्या, आणि त्यांसोबत आपला डीएनएसुद्धा. म्हणजे त्याचा नमुना होता, अक्षर होतं, तो आसपासच आहे हेही माहीत होतं. नव्हतं ते नाव, कारण तो कधी कुठल्या डेटाबेसात आलाच नव्हता. 2018 मध्ये वंशावळ दोन भावांवर येऊन थांबली. पोलिसांनी त्यांतल्या एकाने, जॉन मिलरने, घराबाहेर टाकलेला कचरा उचलला. हा टप्पा कधीच टाळता येत नाही: वंशावळ कोर्टात पुरावा म्हणून उभी राहत नाही, ती फक्त दार दाखवते. त्या दारातल्या माणसाचा ताजा नमुना जुन्या पद्धतीने, त्या 20 जागांवर, मूळ डागाशी जुळावा लागतो. हार्टमनच्या बाबतीत हॉटेलात तोंड पुसून टाकलेल्या कागदी रुमालाने ते काम केलं. मिलरच्या दारात पोलिसांनी विचारलं, आम्ही का आलो असू? तो म्हणाला, ‘एप्रिल टिन्स्ली.’ 30 वर्षं तो त्या प्रश्नाच्या तयारीत असावा.

आता उलटी बाजू. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यातली 9 वर्षांची पेगी 2001 मध्ये शाळेतून घरी येताना नाहीशी झाली. 2016 मध्ये शेजारच्या राज्यातल्या जंगलात तिचे अवशेष मिळाले, आणि तिथल्या कापडाच्या एका बारीक तुकड्यावर उवे ब्योनहार्ड्ट या 2011 मध्ये मेलेल्या कुप्रसिद्ध नवनाझी दहशतवाद्याचा डीएनए निघाला. देश हादरला. पुढच्या वर्षी निष्कर्ष आला, की तो तुकडा त्याच्याच हेडफोनचा होता: त्याच्या मृत्यूच्या जागेचा तपास त्याच राज्याच्या पोलिसांनी केला होता, आणि तिथून तो तपासाच्या सामानासोबत इथवर आला. त्याआधी जर्मनीनेच आणखी एक धडा गिरवला होता. सुमारे 40 गुन्ह्यांच्या जागी एकाच बाईचा डीएनए मिळत होता. 2009 मध्ये कळलं, की ती नमुने घ्यायच्या कापूसकाड्या पॅक करणारी कामगार होती. काड्या निर्जंतुक होत्या. पण निर्जंतुक करताना जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो. आता अशा साहित्यासाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि प्रयोगशाळा आपल्या सगळ्या माणसांचे नमुने आधीच नोंदवून ठेवतात, म्हणजे चुकून स्वतःचाच माणूस खुनी ठरायला नको. जुन्या मुद्देमालाला मात्र ही सोय नाही. 1975 मधला हवालदार कपडा उघड्या हातांनी उचलत होता, कोर्टात तो वकिलांच्या टेबलावरून फिरत होता. म्हणून कपड्यापेक्षा पट्टी बरी: ती एकदाच, पहिल्या दिवशी लावली गेली आणि मग कुणी उघडली नाही.

डीएनए नसताना जुनं प्रकरण ‘सोडवण्या’चा मोह तर जास्तच धोक्याचा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या सिकॅमोर गावात 1957 च्या डिसेंबरात 7 वर्षांची मरिया रिडल्फ दाराजवळ खेळताना पळवली गेली. तिच्याबरोबर खेळणाऱ्या 8 वर्षांच्या मैत्रिणीने अर्ध्या शतकानंतर छायाचित्रांतून एक चेहरा ओळखला. 2012 मध्ये जॅक मकल्लो नावाच्या म्हाताऱ्याला जन्मठेप झाली. इतकं जुनं प्रकरण तडीस गेलं म्हणून केवढं कौतुक झालं. 4 वर्षांनी सरकारी वकिलांनीच कागद पुन्हा तपासले. त्या संध्याकाळी 6 वाजून 57 मिनिटांनी त्याने सुमारे 60 किलोमीटरवरच्या रॉकफर्डहून घरी फोन केला होता, आणि त्याची नोंद 1957 च्या कागदांत होती. तो सुटला, पुढे कोर्टाने त्याला निर्दोष असल्याचं प्रमाणपत्रही दिलं. मैत्रीण खोटं बोलली नव्हती. चेहऱ्याची आठवण पन्नास वर्षं जशीच्या तशी राहत नाही. आपण दर वेळी ती नव्याने रंगवतो आणि शेवटचा रंग पहिला समजतो.

कधीकधी सत्य विकतच घ्यावं लागतं. मिनेसोटातला 11 वर्षांचा जेकब वेटरलिंग 1989 च्या ऑक्टोबरात भाऊ आणि मित्राबरोबर सायकलवरून घरी येताना बंदूक दाखवून पळवला गेला. डॅनी हाइनरिकची चौकशी काही आठवड्यांतच झाली होती. त्याचे बूट आणि गाडीचे टायर जागेवरच्या ठशांशी मिळतेजुळते होते. मिळतेजुळते, बस. त्यावर आरोप टिकत नव्हता. 2015 मध्ये त्याचा डीएनए जेकबच्या आधी काही महिने पळवून नंतर सोडून दिलेल्या दुसऱ्या एका मुलाच्या कपड्यावर निघाला. तो गुन्हा मुदतीबाहेर गेलेला. शेवटी सौदा झाला: हाइनरिकने जागा दाखवायची, कोर्टात सगळं सांगायचं, आणि बदल्यात जेकबच्या खुनाचा खटला चालणार नाही, बालकांच्या अश्लील छायाचित्रांच्या गुन्ह्यात 20 वर्षं. कुटुंबाला विचारून हे ठरलं. 2016 च्या सप्टेंबरात जेकबचे अवशेष मिळाले. 27 वर्षं आई-वडील मुलाचा शोध घेत होते आणि त्याचं मोल म्हणून त्यांनी खुनाची शिक्षा सोडून दिली. यावर बाहेरच्या माणसाने मत देऊ नये असं वाटतं, म्हणून इथे देत नाही.

खटला संपला तरी मुद्देमाल संपत नाही. अपील असतं, अपिलावर अपील असतं, आणि किश्कोनंतर तर कुठलाही निकाल शेवटचा मानून खोकं रिकामं करायला कुणी सहजी धजत नाही. पट्टीचा जेवढा भाग कापून वापरला तेवढी जागा शीटवर मोकळी राहते. तिच्याभोवती पेनने चौकोन काढतात, आत तारीख आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं. उरलेली पट्टी नव्या कागदी लिफाफ्यात जाते. जुना लिफाफाही फेकायचा नसतो, तो घडी करून सोबत ठेवायचा, कारण पहिल्या माणसाची सही त्याच्यावर आहे. क्रमांक तोच राहतो. मग रजिस्टरात नवी ओळ: केव्हा परत आली, कुणी ठेवली, कोणत्या फळीवर. शेवटचा रकाना ‘शिल्लक’. त्यात लिहितात: अर्धी.